हार आणि निवड

सामना जिंकला की लोक आनंदाने घरी जातात. सामना हरला की मात्र ते लवकर घरी जात नाहीत. अकोल्यातील एखादा पानठेला असो किंवा अमरावतीच्या राजकमल चौकातील चहाचे दुकान असो, हार झालेल्या दिवशी तेथे एक नवी निवड समिती बसते. तिला कोणी नेमलेले नसते, तिच्या सभासदांची संख्या ठरलेली नसते, आणि तिचा निकाल कोणी मागितलेलाही नसतो. तथापि ती आपले काम मोठ्या कसोशीने करते. अमका थकला, त्याला विश्रांती द्या, तमका पोर चांगला खेळतो, त्याला घ्या, कर्णधार बदला, बाहेरून आणलेले गडी परत पाठवा, नाहीतर आणखी दोन आणा, असे ठराव एकामागून एक मांडले जातात, आणि बहुधा एकही एकमताने मंजूर न होता सभा बरखास्त होते.

हा प्रकार एकाच देशाचा किंवा एकाच खेळाचा नव्हे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात ज्याचे नियम १८५९ साली प्रथम लिहिले गेले आणि ज्यात एका बाजूचे अठरा गडी मैदानात असतात, त्या तिकडच्या फुटबॉलचे भक्तही हार झाल्यापासून पुढच्या संघाची यादी जाहीर होईपर्यंत हाच खल करीत बसतात. तिकडे अठरा जागांचा हिशेब, आपल्याकडे अकरा जागांचा, इतकाच काय तो फरक. शहाणी माणसे या सर्वांकडे हसून पाहतात आणि त्याला हरल्यावरचे शहाणपण म्हणतात. परंतु इतिहासाची पाने उलटून पाहिली तर या वादाला इतक्या सहज हसण्यावारी नेता येत नाही. संघातील जागा मोजक्या असतात. एकाला काढल्यावाचून दुसऱ्याला घालता येत नाही. संघ जिंकत असेल तोवर ही उलथापालथ करण्याचे कारण कोणालाच दिसत नाही, मग बाहेर उभा असलेला गडी कितीही गुणी असो. जय हा दाराला कडी घालतो आणि पराजय ती कडी काढतो. उघडलेल्या दारातून कोण आत येतो आणि कोण बाहेर जातो, हे मात्र त्या त्या काळच्या समाजाच्या मनावर अवलंबून असते.

या गोष्टीचा सर्वांत ठळक दाखला मुंबईच्या जुन्या क्रिकेटात सापडतो. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत जातवार आणि धर्मवार संघांचे सामने होत. प्रारंभी युरोपियन आणि पारशी हे दोनच पक्ष होते. १९०७ साली हिंदू आणि १९१२ साली मुसलमान त्यांत आले आणि चौरंगी सामन्यांची प्रथा सुरू झाली. मुंबईहून नागपूरकडे जाणारी आगगाडी भुसावळ ओलांडून अकोला आणि बडनेरा या स्टेशनांवरून जाई, आणि त्याच वाटेने मुंबईची वर्तमानपत्रे वऱ्हाडात येत. स्वतःचा असा संघ वऱ्हाडाला त्या वेळी नव्हता. क्रिकेटाची आवड असणाऱ्या वऱ्हाडी वाचकाला आपला पक्ष म्हणून जो दिसे, तो मुंबईचा.

त्या काळच्या हिंदू संघाचा आधारस्तंभ होता पालवणकर बाळू. चर्मकार समाजात जन्मलेला हा डावखुरा मंदगती गोलंदाज पुण्यात मैदानाची निगा राखण्याच्या कामावर होता, आणि तेथेच इंग्रज फलंदाजांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्याची कला सिद्ध झाली. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पाडाव केला तेव्हा बाळू त्या संघात होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या संघातून त्याने सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. मैदानावर त्याच्या हातचा चेंडू सर्वांना हवा असे. परंतु पुण्यात चहाच्या वेळी त्याला मंडपाबाहेर मातीच्या निराळ्या भांड्यात चहा मिळे आणि त्याचे जेवणाचे पानही निराळे मांडले जाई. शिवराम, विठ्ठल आणि गणपत हे त्याचे भाऊही त्याच तोलाचे खेळाडू निघाले. असे असूनही संघाचे नेतृत्व या घराकडे येत नव्हते. एम. डी. पै हे कर्णधार झाले तेव्हा त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले की हा मान वडीलकी आणि अनुभव पाहता बाळूचा आहे. पै यांच्या मनाचा मोठेपणा खरा. पण मान बाळूला मिळाला नाही, हेही तितकेच खरे.

१९१९ ची चौरंगी हिंदूंनी जिंकली होती. पुढच्या साली, म्हणजे १९२० मध्ये, मुसलमान संघाशी होणाऱ्या सामन्यासाठी बाळूला संघातून वगळण्यात आले. पै आजारी असल्याने नेतृत्व दि. ब. देवधर यांच्याकडे दिले गेले. बाळूचे वय तेव्हा पंचेचाळिशीच्या घरात होते, आणि केवळ खेळाच्या दृष्टीने पाहणाऱ्याला त्याच्या वगळण्याचे समर्थन करता आले असते. देवधरांच्या गुणवत्तेविषयीही प्रश्न नव्हता. पुढे त्यांनी ती पुरेपूर सिद्ध केली. प्रश्न होता तो विठ्ठल आणि शिवराम डोळ्यांसमोर असताना नेतृत्वाच्या वेळी नजर त्यांच्यावरून पुढे का सरकते, हा. दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतले आणि आपली भूमिका जाहीर निवेदनाने लोकांसमोर ठेवली. स्वाभिमान सोडून खेळणे आपल्याला मान्य नाही, असा त्या निवेदनाचा आशय होता. त्यावर वर्तमानपत्रांत आणि लोकांत चर्चा झाली. पारश्यांविरुद्धच्या अंतिम सामन्यात पै परत आले, बाळूला उपकर्णधार म्हणून बोलावण्यात आले आणि त्याचे भाऊही परतले. त्या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले, आणि तेवढ्या अवधीपुरते हिंदू संघाचे नेतृत्व बाळूने केले. आयुष्यभराच्या कर्तबगारीला मिळालेला मान तो एवढाच.

येथे कालक्रम नीट ध्यानात घेतला पाहिजे. १९२० चा वाद जिंकलेल्या संघाच्या निवडीवरून झाला, आणि म्हणूनच तो अर्ध्यावर मिटविता आला. विजेतेपद त्या साली हिंदू आणि पारशी यांच्यात वाटून गेले. १९२१ साली ते युरोपियनांकडे गेले आणि १९२२ साली पारश्यांकडे. दोन वर्षे लागोपाठ रिकाम्या हाताने परतल्यावर जुन्या वहिवाटीचे समर्थन करणे अवघड होऊन बसले. लोकमताचा रेटा तर आधीपासून होताच. पराजयाने त्याला धार आणली. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदूंचा कर्णधार झाला आणि त्याच साली अंतिम सामन्यात युरोपियनांना हरवून हिंदूंनी चौरंगी जिंकली. १९२४ साली विजेतेपद मुसलमान संघाकडे गेले. याच ठिकाणी खरी कसोटी होती. ज्याला मोठ्या मिनतवारीने जागा दिली जाते, त्याला पहिल्या अपयशाबरोबर ती परत करण्यास सांगण्याची जगाची रीत आहे. विठ्ठलाचे नेतृत्व त्या हारीनंतरही राहिले, आणि १९२५ व १९२६ या दोन्ही साली हिंदू पुन्हा विजयी झाले. दारातून आत घेणे ही समतेची पहिली पायरी. आत आलेल्याला इतरांप्रमाणेच एखादे वेळी हरण्याचीही मुभा देणे, ही दुसरी. विठ्ठलाने पुढे १९४८ साली ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीतच लिहिले, ही मराठी वाचकाला अभिमानाची गोष्ट आहे.

मुंबईच्या मैदानावर हे चालले होते तेव्हा नागपूर-वऱ्हाडातही तोच प्रश्न निराळ्या रूपाने उभा होता. १९२० च्या मे महिन्याच्या अखेरीस नागपुरास अस्पृश्य वर्गाची अखिल भारतीय परिषद शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली भरली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नागपूरच्याच काँग्रेस अधिवेशनाने असहकाराचा ठराव करताना हिंदू समाजाला अस्पृश्यतेचा कलंक धुऊन काढण्याचे आवाहन केले. १९२७ साली अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा लढा उभा राहिला; पंजाबराव देशमुख त्यात अग्रभागी होते, आणि नोव्हेंबरात त्या शहरी भरलेल्या वऱ्हाड प्रांतिक परिषदेचे अध्यक्षस्थान डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भूषविले. देवळाचे दार आणि संघाचे दार यांत भेद आहेच. एकात भक्तीचा प्रश्न असतो आणि दुसऱ्यात कौशल्याचा. परंतु दाराशी उभे राहून आत कोणी यावे हे ठरविणारा हात दोन्हीकडे एकाच समाजाचा होता. म्हणून क्रिकेटातील निवडीचा वाद केवळ क्रिकेटाचा राहिला नाही.

विठ्ठलाच्या संघात एक तरुण होता, त्याचे नाव कोट्टारी कनकय्या नायडू. त्याचा जन्म नागपूरचा, १८९५ सालचा. १९१६ साली तो चौरंगीत प्रथम खेळला. मध्यप्रांत आणि वऱ्हाड हा १९०३ पासून एकच प्रांत असल्यामुळे नायडू हा वऱ्हाडालाही आपलाच वाटे. १९२६ च्या डिसेंबरात त्याने मुंबईस एम.सी.सी.च्या संघाविरुद्ध दोन तासांच्या आत १५३ धावा काढल्या आणि त्यांत ११ षटकार मारले. तथापि या प्रांताला आपला असा खेळगडी सांभाळता आला नाही, हे येथेच नमूद केले पाहिजे. होळकर महाराजांच्या आश्रयाने नायडू १९२३ साली इंदुरास गेला आणि पुढे होळकरांच्या संघाने त्याच्या नेतृत्वाखाली रणजी करंडक एकाहून अधिक वेळा जिंकला. गुणी माणूस जेथे जागा मिळेल तेथे जातो. त्याला जागा न देणाऱ्या गावाने नंतर हळहळून काय उपयोग?

देशाच्या संघाची निवडही त्या काळी कौशल्यापेक्षा कुलावर अधिक चाले. १९३२ साली भारताचा संघ इंग्लंडला गेला तेव्हा पोरबंदरचे महाराज कर्णधार आणि लिंबडीचे राजपुत्र उपकर्णधार होते. लॉर्ड्सवरील पहिल्या कसोटीच्या वेळी पोरबंदरच्या महाराजांनी आपली मर्यादा ओळखून जागा सोडली, लिंबडीकर जायबंदी होते, आणि म्हणून नागपूरचा नायडू भारताचा पहिला कसोटी कर्णधार झाला. भारत तो सामना १५८ धावांनी हरला, पण ती हार पत्करताना कोणाची मान खाली गेली नाही. १९३६ साली मात्र नायडूला डावलून विजयानगरमचे महाराजकुमार यांना नेतृत्व मिळाले. दौरा अर्ध्यावर असताना, पहिल्या कसोटीपूर्वीच, उत्तम खेळत असलेल्या लाला अमरनाथला शिस्तभंगाच्या आरोपावरून परत धाडण्यात आले. तीनपैकी दोन कसोट्या भारत हरला. कर्णधाराने तीन कसोट्यांत मिळून ३३ धावा केल्या. देशात एवढा गदारोळ झाला की मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर जॉन बोमंट यांची चौकशी समिती नेमावी लागली. १९३७ च्या आरंभी आलेल्या तिच्या अहवालाने नेतृत्वाला दोष दिला. चहाच्या दुकानातील समितीने जे आधीच म्हटले होते तेच न्यायमूर्तींच्या समितीने कागदावर लिहिले, असे कोणी म्हटले असते तर त्यात फारशी अतिशयोक्ती झाली नसती.

त्याच १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक बर्लिनला गेले, ही गोष्ट या संदर्भात आठवण्याजोगी आहे. १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापन केलेल्या या मंडळाच्या खेळाडूंनी ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी, मल्लखांब आदी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखविली. तेथे हारजीत नव्हती. एकाच उन्हाळ्यात भारताची दोन पथके युरोपात होती. एकाचा नायक त्याच्या किताबावरून निवडलेला होता, तर दुसऱ्याचे गडी आखाड्याच्या मातीतून आलेले होते. वऱ्हाडाने पाठविले ते दुसरे.

पुढे धर्मवार सामन्यांचा काळ संपला. १९३७ पासून पाचवा पक्ष येऊन चौरंगीची पंचरंगी झाली होती. १९४० साली गांधीजींनी अशा सामन्यांविरुद्ध मत दिले आणि १९४६ नंतर ते बंदच पडले. १९३४-३५ साली सुरू झालेल्या रणजी करंडकात मात्र संघ प्रांतवार होते, आणि ‘आपला संघ’ या शब्दांचा अर्थ त्याने हळूहळू पालटून टाकला. आपला म्हणजे आपल्या धर्माचा, याऐवजी आपला म्हणजे आपल्या प्रदेशाचा. आरंभी मध्यप्रांत-वऱ्हाड असा संयुक्त संघ होता. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यांची पुनर्रचना होऊन विदर्भ मुंबई राज्यात आला, आणि १९५७-५८ च्या हंगामापासून विदर्भ या नावाचा स्वतंत्र संघ रणजी करंडकात उतरला. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले तरी मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ हे तीन संघ निराळेच राहिले. वऱ्हाडाला प्रथमच हरण्यासाठी स्वतःचा संघ मिळाला, असे थोड्या विनोदाने म्हणता येईल. कारण पुढची साठ वर्षे या संघाने अंतिम सामन्याचे तोंड पाहिले नाही.

इतकी वर्षे हरणाऱ्या संघाच्या भक्तांत निवडीचे दोन वाद मूळ धरून बसले, आणि ते स्वाभाविकच होते. पहिला वाद नागपूर आणि जिल्हे यांचा. संघटनेचे ठाणे नागपूर, मैदान नागपुरात, निवडही तेथेच. मग अकोला, अमरावती, यवतमाळ, बुलढाणा येथल्या पोराकडे कोणी पाहायचे? दुसरा वाद घरचे आणि बाहेरचे यांचा. बाहेरून नामवंत गडी आणल्याने घरच्या पोरांची जागा जाते, असे एक पक्ष म्हणतो. त्यांच्याजवळ राहूनच पोरे शिकतात, असे दुसरा म्हणतो. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, आणि म्हणूनच हे वाद मिटत नाहीत.

२०१७-१८ च्या हंगामाने दोन्ही प्रश्नांना एकाच वेळी उत्तर दिले. चंद्रकांत पंडित मार्गदर्शक, फैज फजल कर्णधार, मुंबईचा वसीम जाफर फलंदाजीचा आधार. उपांत्य सामन्यात कर्नाटकावर केवळ ५ धावांनी मात करून विदर्भ प्रथमच अंतिम सामन्यात आला. तो सामना इंदूरच्या होळकर मैदानावर झाला. नागपूरचा नायडू ज्या होळकरांच्या आश्रयास गेला, त्यांच्याच नावाच्या मैदानावर ९४ वर्षांनी विदर्भाची परीक्षा होती. अशा सामन्यासाठी निवडकर्त्यांनी अकोल्याच्या १९ वर्षांच्या आदित्य ठाकरे या वेगवान गोलंदाजाला पदार्पणाची संधी दिली. रजनीश गुरबानीने त्या सामन्यात लागोपाठ तीन चेंडूंवर तीन बळी घेतले, अक्षय वाडकरने १३३ धावा केल्या, आणि १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने दिल्लीला ९ गड्यांनी हरवून करंडक जिंकला. पुढच्या हंगामात सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून तो राखला. बाहेरचा जाफर आणि अकोल्याचा ठाकरे एकाच संघात उभे राहिले, तेव्हा घरचे-बाहेरचे हा वाद काही काळ शांत झाला.

काही काळच, कारण पुन्हा हार आली. २०२४ च्या मार्चमध्ये मुंबईच्या वानखेडे मैदानावर मुंबईविरुद्ध अंतिम सामना झाला. पहिल्या डावात विदर्भ १०५ धावांत गारद झाला. दुसऱ्या डावात ५३८ धावांचे लक्ष्य समोर असताना वाडकरने १०२, करुण नायरने ७४ आणि हर्ष दुबेने ६५ धावा करून झुंज दिली. ३६८ धावांपर्यंत मजल गेली, पण सामना १६९ धावांनी गेला. त्या अकरांत अकोल्याचे दोघे होते, अथर्व तायडे आणि आदित्य ठाकरे. हारीनंतरच्या समित्या चौकाचौकांत बसल्या असतील, त्यांचे ठराव कोणी लिहून ठेवलेले नाहीत. परंतु एका वर्षानंतरची यादी पाहिली म्हणजे त्या वादाचा निकाल काय लागला, ते आकड्यांतच दिसते.

२०२५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये नागपूरजवळ जामठ्याच्या मैदानावर विदर्भ केरळविरुद्ध पुन्हा अंतिम सामना खेळला. वर्षापूर्वीच्या पराभूत अकरांपैकी सहा जण या संघात होते आणि पाच जण नव्हते. उमेश यादवासारखा कसोटी खेळलेला गोलंदाज नव्हता. तायडे आणि ठाकरे हे अकोल्याचे दोघेही नव्हते. अमन मोखाडे नव्हता. आणि आदित्य सरवटे तर होता तो समोरच्या बाजूस, केरळच्या संघात. २०१८-१९ च्या अंतिम सामन्यात ११ बळी घेऊन विदर्भाला करंडक मिळवून देणारा हा सरवटे आता विदर्भाविरुद्ध ७९ धावा करीत होता. उलट, २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात दिल्लीकडून विदर्भाविरुद्ध १४५ धावा करणारा ध्रुव शोरी आता विदर्भाचा सलामीवीर होता. आपला कोण आणि परका कोण, याची व्याख्या सात वर्षांत एवढी फिरली होती.

नव्याने आलेल्या पाचांत दानिश मालेवार हा तरुण होता. रणजी करंडकातील त्याचा तो पहिलाच हंगाम. त्याने १५३ आणि ७३ धावा केल्या. पहिल्या डावात विदर्भाच्या ३७९ धावा झाल्या, केरळच्या ३४२. त्या ३७ धावांच्या आघाडीवर सामना अनिर्णित राहूनही तिसरा करंडक विदर्भाकडे आला. बदल करा, म्हणणाऱ्यांचे म्हणणे खरे ठरले, असे कोणी यावरून म्हणेल. पण राहिलेल्या सहांकडेही पाहिले पाहिजे. वानखेडेवर पहिल्या डावात शून्यावर बाद झालेला करुण नायर येथे ८६ आणि १३५ धावा करून गेला. तेथे २७ आणि ७ धावा करणारा यश राठोड या हंगामात ९६० धावांचा धनी झाला. हर्ष दुबेने हंगामात ६९ बळी घेऊन रणजी करंडकाचा विक्रम मोडला. हरलेल्या सामन्याचा कर्णधार अक्षय वाडकर हाच जिंकलेल्या सामन्याचाही कर्णधार होता. हार झाल्या रात्री रागाच्या भरात जी यादी केली जाते तीत यांतील किती जण उरले असते, याचा ज्याने त्याने प्रामाणिकपणे विचार करावा. वगळणे हे जसे निवडीचे काम आहे तसे राखणे हेही आहे, आणि दुसरे अधिक धीराचे आहे.

या हिशेबात बाहेर राहिलेल्यांची बाजूही मांडली पाहिजे. अथर्व तायडे उपांत्य सामन्यात खेळला होता. अंतिम सामन्यात त्याची जागा गेली. म्हणजे ज्या दिवशी विदर्भ जिंकला त्या दिवशी अकोल्याचा हा पोर मैदानाबाहेर होता. पण त्याच्यापुरते दार कायमचे लागले नव्हते. २०२५ च्या ऑक्टोबरात इराणी करंडकाच्या सामन्यात शेष भारताविरुद्ध तो पुन्हा संघात आला, १४३ धावा काढल्या, आणि विदर्भाने तो सामना ९३ धावांनी जिंकला. अमरावतीच्या जितेश शर्माची कहाणी निराळी. यष्टिरक्षकाची जागा संघात एकच, आणि रणजी सामन्यांत ती वाडकरकडे गेली. जितेशने मर्यादित षटकांच्या खेळात आपली वाट काढली आणि २०२३ च्या ऑक्टोबरात आशियाई क्रीडास्पर्धेत तो भारताकडून खेळला. एका जागेचे दोन मानकरी असले म्हणजे अन्याय कोणावर तरी होतोच. तो द्वेषाने झाला की अपुऱ्या जागांमुळे, एवढेच पाहावयाचे असते.

बाळूवरील अन्याय आणि आजच्या एखाद्या खेळाडूचे वगळले जाणे यांतला भेद नेमका येथे आहे. तायडेची जागा गेली ती त्या दिवसाच्या खेळाच्या हिशेबाने, आणि खेळाच्याच बळावर त्याने ती परत मिळविली. बाळूचे कर्णधारपद अडले ते खेळाच्या हिशेबाने नव्हे. म्हणूनच ११४ बळी घेऊनही ते त्याला मिळविता आले नाही. धावा आणि बळी यांनी जे दार उघडत नाही, त्यासाठी लोकांनाच बोलावे लागते. १९२० साली दोन भावांनी मैदान सोडले, लोकांनी त्यांची बाजू घेतली, आणि तीन वर्षांनी दार उघडले. १९३६ च्या गदारोळाने किताबावर नेतृत्व देण्याच्या प्रथेला दोष लागला. हे सर्व वाद हारीनंतरच्या त्रासिक मनांतून किंवा अपमानाच्या बोचणीतून उठले, आणि त्यांतील पुष्कळसे बोलणे वायफळही असेल. तरी त्या वायफळात एखादा प्रश्न असा निघतो की जो जिंकणाऱ्या संघाला कोणी कधी विचारलाच नसता.

चौकातील समिती यापुढेही बसेल, कारण हार यापुढेही होईल. तिने अमक्याला काढा, असे म्हणण्याआधी पहिल्या डावातील शून्यानंतरचा करुण नायर आठवावा. आणि तमक्याला घ्या, असे म्हणताना आजवर ज्याचे नावच कोणी घेतले नाही असा दर्यापूरचा किंवा मूर्तिजापूरचा कोणी पोर राहून गेला नाही ना, हेही एकदा पाहावे. कोणाला काढायचे, या प्रश्नाला उत्तरे पुष्कळ मिळतात. कोण अजून आतच आला नाही, हा प्रश्न विचारणारे थोडे असतात, आणि संघाचा खरा फायदा त्यांच्याच हातून होत आला आहे.